प्रवासवर्णनातले ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण? १८१४ सालच्या एका सहलीची साधनचिकित्सा



पेटची तयारी करताना ‘प्राथमिक साधन’ आणि ‘दुय्यम साधन’ यांच्या व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. प्रवासवर्णन लिहिणारा स्वतः तिथे गेला होता, म्हणून ते प्राथमिक साधन, असं लिहिलं की मार्क मिळतात. पण ते साधन हातात आल्यावर त्याचं करायचं काय, हे व्याख्येत नसतं. मला ते कळलं एका चुकीमुळे. आज ती चूक आणि तिच्यामागची गोष्ट सांगते.

माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा कच्चा खर्डा मी मॅडमना दिला होता. त्यातलं पहिलंच वाक्य असं: ‘१८१४ च्या उन्हाळ्यात मेरी शेली पतीसह फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सहलीला गेली.’ खर्डा परत आला तेव्हा ‘पतीसह’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल होता आणि बाजूला प्रश्नचिन्ह. बाकी काहीच नाही. मी म्हटलं, ‘मॅडम, पुस्तकाच्या प्रस्तावनेतच तसं आहे.’ त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच.’

तर आधी पुस्तक बघू. ‘हिस्टरी ऑफ अ सिक्स वीक्स टूर’ हे छोटंसं पुस्तक लंडनमध्ये १८१७ साली निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. १८१४ मधला फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि हॉलंडमधला प्रवास, १८१६ मधल्या दुसऱ्या प्रवासातली चार पत्रं आणि शेवटी पर्सी शेलीची ‘माँ ब्लाँ’ ही कविता, असा त्याचा मजकूर. पुढच्याच वर्षी जिची ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रकाशित झाली ती मेरी आणि कवी पर्सी यांनी मिळून तयार केलेलं हे पुस्तक. प्रस्तावनेत लेखिका सांगते की, ती तिचा पती आणि बहीण यांच्याबरोबर या प्रवासाला गेली होती. आतल्या मजकुरात सोबतच्या दोघांची नावं नाहीत, फक्त आद्याक्षर आणि पुढे फुल्या.

आता तारखा लावू. हे काम तुम्हीही कागद घेऊन करा, डोक्यात करू नका.

२८ जुलै १८१४ ला पहाटे हे लोक लंडनहून निघाले. त्या दिवशी मेरी सोळा वर्षांची होती आणि तिचं आडनाव शेली नव्हतं, गॉडविन होतं. पर्सीला बावीस पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. त्याचं लग्न १८११ मध्ये हॅरिएट नावाच्या मुलीशी झालेलं होतं, त्यांना एक मुलगी होती आणि हॅरिएट पुन्हा गरोदर होती. तो मुलगा त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला जन्मला. मेरी आणि पर्सीचं लग्न झालं ३० डिसेंबर १८१६ ला, म्हणजे प्रवासानंतर जवळजवळ अडीच वर्षांनी. त्याच महिन्यात हॅरिएटचा मृतदेह लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावात सापडला होता.

म्हणजे पुस्तक छापलं तेव्हा ‘पती’ हा शब्द खरा होता. प्रवास झाला तेव्हा तो खोटा होता. ही सहल नव्हतीच, ते पळून जाणं होतं. एका शब्दाने त्याची सहल झाली, आणि दोनशे वर्षांनी तो शब्द मी तसाच उचलून माझ्या प्रकरणात ठेवला.

‘बहीण’ हा शब्दही तपासायला हवा. ती क्लेअर क्लेअरमाँट. त्या वेळी तिला घरी जेन म्हणत. मेरीच्या वडिलांच्या दुसऱ्या बायकोची ही मुलगी, म्हणजे सावत्र बहीण. तीही सोळाचीच. जोडप्याच्या या प्रवासात ती पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होती.

आता प्रश्न असा की, पुस्तक सोडून या प्रवासाचं दुसरं काय उरलं आहे? सुदैवाने बरंच. एक, मेरी आणि पर्सी यांची सामाईक रोजनिशी. सुरुवातीची पानं पर्सीच्या हातची, मग मेरी लिहू लागते. तिची संपूर्ण चिकित्सक आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. दोन, क्लेअरची स्वतःची रोजनिशी. ती छापून आली १९६८ मध्ये, म्हणजे प्रवासानंतर १५४ वर्षांनी. तीन, पत्रं. यांतली काही तर प्रवासाला न गेलेल्या माणसाची आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

ही साधनं शेजारी शेजारी ठेवून वाचली की काय होतं, ते तीन ठिकाणी थांबून बघू.

पहिला थांबा कॅले. डोव्हरहून छोट्या होडीने, रात्रभर वादळात हेलकावे खात, ही तिघं पहाटे फ्रान्सच्या किनाऱ्याला लागली. पुस्तकात समुद्राचं, वाऱ्याचं, सूर्योदयाचं वर्णन आहे. रोजनिशीत आणखी एक नोंद आहे: जहाजाचा कप्तान येऊन सांगतो की एक जाडजूड बाई आली आहे आणि माझ्या मुलीला पळवून आणलंय म्हणते. ही क्लेअरची आई. ती मुलीला परत न्यायला समुद्र ओलांडून आली होती. क्लेअर ती रात्र आईजवळ राहिली आणि सकाळी परत जायला नाही म्हणाली. पुस्तकात या बाईचा मागमूस नाही. आईची ती एकटीची परतीची फेरी नजरेआड करून पुस्तक पॅरिसकडे निघतं.

दुसरा थांबा पॅरिस ते त्र्वा. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे छापील पुस्तकही मोलाचं साधन ठरतं. मे १८१४ मध्ये शांततेचा तह झाला होता. नेपोलियन एल्बा बेटावर होता. १८०२-०३ मधली थोडी उसंत सोडली तर वीसेक वर्षं इंग्रज माणसाला फ्रान्स बंदच होता. तो आता उघडला आणि प्रवाशांची रीघ लागली. यांच्याकडे मात्र पैसे नव्हते. पर्सीने पॅरिसमध्ये घड्याळ आणि साखळी विकली. पुढे साठ पौंड हाती आले, तेव्हा त्यांनी चालत जायचं ठरवलं आणि सामानासाठी बाजारातून गाढव घेतलं. ते गाढव इतकं मरतुकडं निघालं की ते विकून खेचर घ्यावं लागलं. घरमालकिणीने बजावलं होतं की मोडलेल्या फौजेतले शिपाई रस्त्यांवर भटकताहेत, बरोबरच्या मुलींना पळवतील. तरी ती निघाली.

वाटेत नोजाँ आणि आसपासची गावं जळून गेलेली. त्याच वर्षीच्या सुरुवातीला दोस्त राष्ट्रांच्या फौजा इथून गेल्या होत्या आणि लोक त्या सगळ्याला कझाकांचं काम म्हणत होते. गाई नेलेल्या, घरांची छपरं गेलेली, खायला मिळालं तर शिळी भाकरी आणि आंबट दूध. त्र्वाच्या अलीकडच्या एका खेड्यात लोकांना नेपोलियन पदावरून गेल्याचंही ठाऊक नव्हतं. घरं पुन्हा का बांधत नाही, असं विचारलं तर ते म्हणाले, कझाक परत येऊन पुन्हा जाळतील.

हे वाक्य दोनदा वाचा. तह कागदावर होऊन दोन महिने उलटलेले, आणि राजधानीपासून काही दिवस चालण्याच्या अंतरावर युद्ध अजून संपलेलं नाही. तहाच्या मसुद्यात ही माहिती तुम्हाला मिळणार नाही. ती मिळते पैसे नसल्यामुळे पायी निघालेल्या तीन पोरांच्या लिखाणात. घोडागाडीने गेलेल्याला ते खेडं खिडकीतून दिसलं असतं, त्या लोकांशी बोलणं झालं नसतं. म्हणून प्रवासवर्णन वाचताना आधी विचारा की हा माणूस कशाने प्रवास करतोय, खिशात किती आहेत आणि मुक्काम कुठे टाकतोय. त्याला काय दिसलं, ते बरंचसं यावर ठरतं.

पण हीच तीन पोरं त्या खेड्यांतल्या अस्वच्छतेला नाकं मुरडतात, हेही सोडू नका. पुढे नदीवरच्या होडीत सोबत बसलेल्या सामान्य लोकांबद्दल मेरी रोजनिशीत जे लिहिते ते वाचवत नाही: ही माणसं स्वच्छ करण्यापेक्षा देवाला नवी घडवणं सोपं पडेल, अशा आशयाचं. माणसाच्या समतेची पुस्तकं वाचत निघालेल्या मुलीची ही नोंद आहे. याच नदीप्रवासात पर्सी मोठ्याने वाचून दाखवत होता, ते पुस्तक मेरीच्या आईचं होतं. मेरी वुलस्टनक्राफ्टने स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमधून लिहिलेली, १७९६ साली छापलेली ती पत्रं. मेरीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ही आई गेली. दोन्ही गोष्टी एकाच प्रवासातल्या. एक ठेवून दुसरी गाळली, तर आपण इतिहास लिहीत नाही, सत्कार करतो.

तिसरा थांबा अगदी शेवटचा. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी ब्रुनेनला त्यांनी सहा महिन्यांसाठी खोल्या घेतल्या आणि काही दिवसांतच सोडल्या, कारण पैसे संपत आले. नदीचा प्रवास स्वस्त, म्हणून ऱ्हाइनने उत्तरेकडे, मग हॉलंड, आणि १३ सप्टेंबरला इंग्लंडचा किनारा. पुस्तक इथे संपतं. रोजनिशी संपत नाही. होडीचं भाडं द्यायलाही पैसे नव्हते. त्यासाठी पर्सी त्याच दिवशी कुणाच्या दारात गेला? हॅरिएटच्या. आणि मेरी व क्लेअर बाहेर गाडीत वाट बघत बसल्या.

जाता जाता एक हिशोब करा. २८ जुलै ते १३ सप्टेंबर किती दिवस होतात? ४८. म्हणजे शीर्षकातले सहा आठवडे खरं तर सात आठवड्यांच्या जवळ जातात. शीर्षकसुद्धा मोजून बघायचं असतं.

आता हॅरिएट. त्र्वाहून १३ ऑगस्टला पर्सीने तिला पत्र लिहिलं होतं की तूही स्वित्झर्लंडला ये, आमच्याजवळ राहा. ते पत्र उरलं आहे. तिने आयर्लंडमधल्या कॅथरिन न्यूजंट या मैत्रिणीला लिहिलेली पत्रंही उरली आहेत. नोव्हेंबर १८१४ मध्ये, दिवस भरत आलेले असताना, ती झाल्या प्रकाराबद्दल लिहिते आणि दोष मेरीवर ठेवते. तिचं म्हणणं जसंच्या तसं खरं मानायचं का? नाही. तीही एक बाजूच आहे. पण ती पत्रं वाचेपर्यंत माझ्या प्रकरणात हॅरिएट फक्त एका तळटीपेत होती, तीही तिच्या मृत्यूच्या तारखेसाठी. जी माणसं प्रवासाला गेली नाहीत, त्यांचीही साधनं शोधायची असतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

उलट बाजूची एक चूकही सांगते, कारण ती आपल्याला फार मोह पाडते. जर्मनीत डार्मश्टाटजवळ फ्रँकेन्स्टाइन नावाचा किल्ला आहे. ही मंडळी ऱ्हाइनने त्या परिसरातून गेली. झालं! मेरीने किल्ला पाहिला आणि कादंबरीचं बीज तिथे पडलं, असं किती ठिकाणी लिहिलेलं सापडेल. पण रोजनिश्यांत किंवा पुस्तकात त्या किल्ल्याचं नाव नाही. ‘जवळून गेले’ आणि ‘पाहिलं’ यांत अंतर आहे, ‘पाहिलं’ आणि ‘त्यावरून लिहिलं’ यांत आणखी. गोष्ट कितीही सुंदर असो, पुरावा नसेल तर वाक्यात ‘शक्यता’ हा शब्द लागतो. व्हायवात बहुतेक वेळा याच शब्दाने वाचतो आपण.

तुम्हाला वाटेल, हे सगळं इंग्रजीवाल्यांचं, आमचा विषय मराठेशाहीचा किंवा एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा. मग विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घ्या. १८५७ च्या धामधुमीतला हा प्रवास आपण बरेचजण जुन्या छापील आवृत्तीवरून उद्धृत करतो. ती १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून काढली होती. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. तुम्ही उतारा देताय तो गोडसे भटजींचा की संपादकाचा, हे तुमच्या मार्गदर्शकांनी विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारा.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं प्रवासवर्णन हाती आलं की एकाच दिवसाची नोंद निवडा. छापील पुस्तक, रोजनिशी, पत्र, जे मिळेल ते शेजारी मांडा. छापलेल्यात काय गळलं ते एका रकान्यात लिहा, कुणासाठी गळलं असेल ते दुसऱ्यात. आणि ‘आम्ही’ हा शब्द आला की थांबून माणसं मोजा. आत किती आहेत, आणि मागे घरी कोण राहिलं आहे.

माझं ते पहिलं वाक्य आता असं आहे: ‘२८ जुलै १८१४ च्या पहाटे मेरी गॉडविन, पर्सी शेली आणि क्लेअर क्लेअरमाँट हे तिघे लंडनहून निघाले, पर्सीची पत्नी हॅरिएट मागे राहिली.’ थोडं लांबलं खरं, पण त्या ओळीवर मॅडमची पेन्सिल चालली नाही.

तयारीला शुभेच्छा. भेटू पुढच्या लेखात.