दोन मजल्यांचे औषध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पिंपरी स्टेशनात उतरून रिक्षावाल्याला 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' असे पूर्ण नाव सांगितले तर तो क्षणभर घोटाळतो. 'एच.ए.' म्हटले की लगेच निघतो. मीटरचे मात्र विचारू नये!

आमच्या घरात या दोन अक्षरांना मोठा मान होता. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि त्या तापाने पुढे हृदयाची झडप धरली. डॉक्टरांनी सांगितले, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे, एकही चुकवायचे नाही. आई कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवी. 'आपल्या पिंपरीचे औषध आहे,' असे ती आल्यागेल्याला सांगे. त्या बाटलीतले औषध खरोखर पिंपरीचे होते की दुसऱ्या कुणाचे, हे आम्ही कधी पाहिले नाही. औषध मिळत होते, परवडत होते, आणि बहीण शाळेत जात होती.

औषधांवरचे आयात शुल्क हा विषय अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींत येतो आणि संपतो. त्या चार ओळी समजायच्या तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. औषधनिर्मितीला दोन मजले असतात. खालच्या मजल्यावर मूळ औषधी द्रव्य तयार होते. धंद्यातली माणसे त्याला बल्क ड्रग म्हणतात. वरच्या मजल्यावर त्याच्या गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शने होतात. नुसत्या तयार गोळीवर शुल्क लावले तर परदेशातून द्रव्याची पिंपे मागवायची आणि इथे गोळ्या पाडायच्या, एवढाच उद्योग वाढतो. पिंपातल्या द्रव्यावरही शुल्क लावले तर खालचा मजला इथे उभा राहण्याची आशा असते, पण तो उभा राहीपर्यंत महाग गोळी रोग्यालाच घ्यावी लागते. गेली सत्तर वर्षे आपले धोरण या दोन मजल्यांच्या जिन्यावर वरखाली करते आहे.

इंग्रजी अमदानीत तर भिंत उलट्या बाजूने घातलेली होती. प्रफुल्लचंद्र राय यांची बेंगॉल केमिकल ही कंपनी १९०१ सालची. बडोद्याची अलेंबिक १९०७ची, आणि तिच्या उभारणीत भाईलाल अमीन यांच्याबरोबर कोटीभास्कर हा मराठी माणूस होता. त्या काळच्या औषधांत टिंक्चरे फार, आणि टिंक्चर म्हणजे मद्यार्क आलाच. विलायतेहून आलेल्या टिंक्चरने बंदरावर एकदा शुल्क भरले की काम झाले. इथल्या कारखान्याला मात्र मद्यार्कावर अबकारी भरायची, आणि माल दुसऱ्या प्रांतात न्यायचा तर तिथला दर वेगळा, परवाना वेगळा. आपल्याच देशात आपलाच माल परका! देशभर एकसारख्या दराचा कायदा व्हायला १९५५ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक धडा दिला. जगातले बहुतेक क्विनाईन जावा बेटातल्या सिंकोनाच्या सालीपासून यायचे. मार्च १९४२मध्ये जावा जपान्यांच्या हाती पडले आणि ती वाट बंद झाली. दार्जिलिंग आणि निलगिरीतले सरकारी मळे होते, पण ते पुरे पडणारे नव्हते. पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ आला, त्यात भुकेच्या जोडीने हिवतापानेही फार माणसे मेली. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्यासारख्यांनी तेव्हापासून धोशा लावला होता की, औषध बाहेरून स्वस्त मिळते म्हणून निर्धास्त राहू नका.

त्यातून पिंपरी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९५५मध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागले. बुरशी मोठाल्या टाक्यांत आंबवायची, तिला हवा, साखर आणि योग्य तापमान द्यायचे, आणि बाहेरचा एकही जंतू आत शिरू द्यायचा नाही, असे ते काम. पापड-लोणच्यांच्या घरात वाढलेल्या आपल्या माणसांना आंबवणे नवे नव्हते, पण हे सोवळे फारच कडक! ती माणसे नुसती शिकली नाहीत, तर त्यांनी भरही घातली. डॉ. थिरुमलाचार यांनी १९६१च्या सुमारास तिथे हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध शोधून काढले.

तरी एवढ्याने भाव उतरले नाहीत. अमेरिकन सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने साठीच्या सुरुवातीला जगभरच्या किमती तपासल्या. तेव्हा जगात सर्वांत महाग औषधे घेणाऱ्यांत आपल्यासारखा गरीब देश निघाला. कारण १९११चा पेटंट कायदा. औषधाचे पेटंट परदेशी कंपनीकडे, ती ते इथे बनवत नाही आणि दुसऱ्यालाही बनवू देत नाही. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९च्या अहवालात हे स्पष्टपणे मांडले. त्यावर १९७०चा कायदा झाला, तो १९७२पासून अमलात आला. आता पेटंट औषधाला नव्हे, ते करण्याच्या रीतीला. दुसरी रीत शोधा आणि तेच औषध करा. जोडीला चढे आयात शुल्क, आयात परवाने आणि किमतींवर नियंत्रण.

याच भिंतीआड मुंबई, गुजरात, हैदराबाद इथल्या रसायनतज्ज्ञांनी खालचा मजला बांधला. सिप्लाने फेब्रुवारी २००१मध्ये एड्सवरची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा जग चकित झाले. त्यामागे ही तीस वर्षांची तालीम होती. पण याचे श्रेय सगळे शुल्काला देणारे लोक भेटले की मी त्यांना पिंपरी दाखवतो. भिंत तिलाही होती. सरकारी कंपनी असल्याने थोडी जास्तच होती. गिऱ्हाईक ठरलेले, स्पर्धा नाही, मग बुरशीचा अधिक उत्पन्न देणारा वाण शोधायची, जुन्या टाक्या बदलायची घाई कुणाला? खासगी कारखाने आपसांत झगडून तयार झाले आणि पिंपरी मागे राहिली. भिंत सारखीच होती. आतले वारे निराळे होते.

१९९१ साली आयात शुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली गेली. ती उतरत २००७पर्यंत १० टक्क्यांवर आली. तोवर चीनने प्रचंड क्षमतेचे पेनिसिलीनचे कारखाने उभारले होते. त्यांच्या भावापुढे आपले टिकले नाहीत, एकामागून एक बंद पडले. पिंपरीची कंपनी नव्वदीच्या अखेरीस आजारी उद्योगांच्या यादीत गेली. शुल्क वाढवा म्हणून खालच्या मजल्यावरचे ओरडत, तेव्हा अॅमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूल भरणारे वरच्या मजल्यावरचे म्हणत, खबरदार, आमचा कच्चा माल महागेल! दोघेही खरेच बोलत होते. त्यामुळे सरकारला काही न करणे सोपे गेले.

दरम्यान ते एकवीस दिवसांचे इंजेक्शन दुर्मीळ होऊ लागले. २०१५च्या आसपास आमच्या शेजारच्या एका मुलीचे वडील ते शोधत अर्धे पुणे हिंडले होते. याचे खापर केवळ शुल्कावर फोडता येणार नाही. त्या इंजेक्शनची किंमत इतकी थोडी की कुणाला करावेसे वाटत नाही, आणि त्याचे मूळ द्रव्य करणारे कारखाने साऱ्या जगात मोजके.

मार्च २०२०मध्ये करोनाच्या भीतीने सरकारने पॅरासिटामॉलसह २६ द्रव्ये व औषधांच्या निर्यातीवर बंधने घातली, कारण चीनमधून पिंपे येतील की नाही याची खात्री नव्हती. आपल्या बल्क ड्रगच्या आयातीपैकी सुमारे दोन तृतीयांश तिथून येत होती. त्याच वर्षी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर झाली. या वेळी भिंत उंच न करता आतल्यांना बळ द्यायचे, असा विचार होता. माझ्या मते हा मार्ग बरा, कारण त्याचा खर्च तिजोरीवर पडतो, खाटेवरच्या रोग्यावर नाही. त्या योजनेतून आंध्रात काकीनाड्याजवळ वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलीन-जी कारखाना २०२४मध्ये सुरू झाला. दुसरीकडे, जी औषधे आपल्याकडे होतच नाहीत, त्यांच्यावर शुल्क घेऊन कुणाचेच भले नाही. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात कर्करोग, दुर्मीळ आजार आणि जुनाट दुखण्यांवरच्या ३६ औषधांचे सीमाशुल्क पूर्ण माफ झाले ते योग्यच झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी ब्रँडेड औषधांवर शंभर टक्के शुल्काची घोषणा केली, इथे कारखाना काढा नाहीतर शुल्क भरा म्हणून. एके काळी हीच भाषा आपण बोलत होतो आणि ते आपल्याला खुल्या व्यापाराचे धडे देत होते.

पिंपरीची जादा जमीन विकून देणी भागवावीत आणि कंपनी विक्रीला काढावी, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६मध्ये घेतला. पेनिसिलीन आंबवण्याचे काम त्याआधीच थांबले होते. मध्यंतरी बहिणीला घेऊन त्या बाजूने चाललो होतो. कुंपणाकडे बघत तिने विचारले, 'आता हे कुठे होते?'

मी काकीनाड्याचे सांगितले.

'म्हणजे त्या मुलीला इंजेक्शन मिळेल?'

मी म्हटले, द्रव्य आपल्याकडे होऊ लागले आहे. त्याचे ते इंजेक्शन कुणीतरी भरायला घ्यायला हवे. ती म्हणाली, 'मग खुणा अजून पेन्सिलीनेच करायच्या.'