चुकीच्या मुळाशी: सॉफ्टवेअर उद्योगातील शिकण्याची परंपरा

सॉफ्टवेअरमधल्या चुका एकत्र बसून, ठरलेल्या शिस्तीने शोधण्याची रीत 1970च्या दशकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्क राज्यातील किंग्स्टन इथे आयबीएममध्ये घडली. ती बसवणारे अभियंते मायकेल फेगन. प्रोग्राम लिहायचा, चालवून पाहायचा आणि अडला की दुरुस्त करायचा, हाच तोवर बहुतेक ठिकाणचा शिरस्ता होता. कारखान्यात माल तयार होत असतानाच त्याची तपासणी होते; प्रोग्रामचीही तशीच व्हावी, असे फेगन यांनी ठरवले. त्यांची पद्धत 1976 साली ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली.

या ‘इन्स्पेक्शन’ला साधारण चार जण बसत: बैठक चालवणारा मॉडरेटर, आराखडा करणारा, कोड लिहिणारा आणि टेस्टिंग करणारा. सगळे आधी कोड वाचून येत. बैठकीत एक जण तो क्रमाने उलगडून सांगे आणि शंका आली तिथे थांबून चूक नोंदवली जाई: प्रकार कोणता, गंभीर की किरकोळ. ती कशी सुधारायची याची चर्चा तिथे करायची नाही. दोन तासांपलीकडे बैठक लांबवायची नाही, कारण त्यानंतर नजर थकते. दुरुस्ती झाली की नाही, हे शेवटी मॉडरेटरने पाहायचे. या नोंदी कर्मचाऱ्याच्या कामगिरीचे मूल्यमापन करायला वापरू नयेत, असेही फेगन यांनी बजावले होते. सगळ्या पद्धतीत हाच नियम सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. पगारवाढ अडेल अशी धास्ती असली, तर कोणीही आपली चूक चारचौघांत मोकळेपणाने दाखवणार नाही. प्रोग्रामिंगविषयी लिहिणारे जेराल्ड वाइनबर्ग यांनी 1971च्या पुस्तकात याच्याच जवळचा मुद्दा मांडला होता: प्रोग्रामरने कोडला आपल्या प्रतिष्ठेशी बांधून ठेवले, की त्याला त्यातले दोष दिसेनासे होतात.

चूक सापडली, पण ती झालीच का? 1980च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत कॅरोल जोन्स, रॉबर्ट मेज आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाला धरून ‘डिफेक्ट प्रिव्हेन्शन’ची पद्धत उभी केली. कामाचा एक टप्पा संपला, की ज्यांच्या हातून चुका झाल्या तीच मंडळी एकत्र बसत आणि प्रत्येक चुकीचे कारण लावत: माहितीच पोचली नव्हती, विषय नीट शिकवला गेला नव्हता, काही नजरेतून सुटले, की उतरवताना घोटाळा झाला? निघालेल्या सूचना कागदावरच राहू नयेत म्हणून त्या अमलात आणणारा वेगळा गट असे. पुढचा टप्पा सुरू होण्याआधी छोटी बैठक होई. तिच्यात या कामात नेहमी होणाऱ्या चुकांची यादी सर्वांसमोर ठेवली जाई. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी जुन्यांचा अनुभव हाती मिळे. शिकणे असे रोजच्या कामातच गुंफलेले होते.

ह्यूस्टनमध्ये अंतराळयानाचे, म्हणजे स्पेस शटलचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटाने ही दृष्टी सर्वांत कसोशीने पाळली. चूक दुरुस्त करून तिथे कोणी थांबत नसे. ती कोणत्या त्रुटीमुळे आत शिरली आणि आधीच्या तपासणीतून निसटली कशी, हे शोधून कामाची रीतच बदलली जाई. तशीच चूक आणखी कुठे दडली आहे का, हेही पाहिले जाई.

आयबीएममध्ये 27 वर्षे घालवलेले वॉट्स हम्फ्री 1986 साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. अमेरिकी संरक्षण खात्याला कंत्राटदारांची कुवत जोखायची होती. त्यातून पाच पायऱ्यांचे ‘कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल’, म्हणजे सीएमएम, 1991 साली पुढे आले. चुकांची कारणे शोधून त्या टाळणे हे त्यात पाचव्या, सर्वोच्च पायरीवर होते.

भारतीय कंपन्यांनी हा आराखडा फार उत्साहाने उचलला. परदेशी ग्राहक हजारो मैलांवर, ओळखदेख नाही. अशा वेळी ‘लेव्हल 5’ हीच पत होती. बंगळूरच्या मोटोरोलाच्या केंद्राने 1990च्या दशकात ती मिळवली आणि पाठोपाठ देशातल्या अनेक कंपन्या त्या पंक्तीत बसल्या. शिस्त, नोंदी आणि आकडेवारीची सवय या उद्योगाला तेव्हा लागली, आणि ती फार मोठी कमाई होती. मात्र जिथे प्रमाणपत्र हेच ध्येय ठरले, तिथे फॉर्म भरले गेले आणि चुका तशाच राहिल्या.

कागदपत्रांच्या या ओझ्याला वैतागलेले 17 जण फेब्रुवारी 2001मध्ये युटातील स्नोबर्ड इथे जमले आणि सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा निघाला. त्याच्या बारा तत्त्वांतले शेवटचे तत्त्व सांगते, की संघाने ठरावीक काळाने थांबून स्वतःच्या कामाकडे पाहावे आणि त्यानुसार आपली रीत बदलावी. दर स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या छोट्या ठरावीक टप्प्याच्या, अखेरीस होणारी ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ची बैठक त्याचेच रूप आहे. तिचे यश आजही एकाच गोष्टीवर ठरते: तिथे बोललेले मूल्यमापनाच्या फायलीत जाते की नाही.