मांजरीची नखं आणि छविच्छेद



घरच्या मांजरीची नखं कापली तर दोष लागतो का? सायखेड्यात मला हा प्रश्न एकीने नाही, तिघींनी विचारला, आणि तिघींच्या तोंडी एकच शब्द होता, छविच्छेद. प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाणी तोडणं. मग म्हटलं, हा शब्द आला कुठून ते तरी पाहू.

उपासकदशांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात भगवान महावीर हे अतिचार आनंद श्रावकाला सांगतात. हा आनंद म्हणजे वाणिज्यग्रामचा मोठा गृहस्थ. प्रत्येकी दहा हजार गाईंची चार गोकुळं, पाचशे नांगर, हजार गाड्या! हे लक्षात घेतलं की ती यादी एकदम वेगळी दिसते. घट्ट बांधणं, मारणं, अंग कापणं, जास्त ओझं लादणं, चारापाणी तोडणं. गोठ्यात आणि गाडीला जुंपलेल्या बैलावर जे जे होतं, ते सगळं त्यात आहे. आपल्या गोदाकाठच्या आजोबा-पणजोबांच्या घरी बैल होते, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नसेल.

त्याच ठिकाणी पंधरा कर्मादानं येतात, म्हणजे श्रावकाने टाळायचे धंदे. त्यात एक निर्लांछन कर्म. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात ते फोडून सांगितलं: जनावराचं नाक टोचणं, डाग देणं, खच्ची करणं, कान कापणं. शेवटचं कर्मादान असतीपोषण, आणि तिथे मैना, पोपट, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्यासोबत आपली मांजरही आहे. एवढ्यावरून काहीजणी म्हणतात की मांजर पाळणंच निषिद्ध. मला तसं वाटत नाही. पंधराही कर्मादानं कमाईचे धंदे आहेत, दारात आलेल्या जिवाला वाटीभर दूध देणं हा धंदा नव्हे. दुकानातल्या पोत्यांना उंदीर लागू नयेत म्हणून मुद्दाम मांजर ठेवायची, तिथे मात्र मी हेमचंद्राचार्यांच्या बाजूने आहे.

आता नखांकडे येऊ. छवि म्हणजे कातडी, शरीर. मांजरीचं नख उजेडात धरा. मुळाकडे गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्त आणि संवेदना असते. पुढचं पांढरट टोक आपल्या नखाच्या टोकासारखंच निर्जीव. टोक कापणं छविच्छेद नव्हे, गुलाबी भागाला कात्री लागली तर तो छविच्छेदच.

खरा छविच्छेद विसाव्या शतकात अमेरिकेत घडला. सोफे फाटू नयेत म्हणून मांजरीची नखं कायमची काढण्याची शस्त्रक्रिया तिथे रूढ झाली. नख हाडातूनच उगवतं, म्हणून त्यात बोटाचं शेवटचं पेरच कापतात! न्यूयॉर्क राज्याने त्यावर बंदी घातली ती थेट 2019 साली. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल 1952 मध्ये राज्यसभेवर गेल्या, त्यांनी प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडलं, आणि पुढे 1960 चा कायदा झाला. प्राण्याचं अंग छाटणं हा त्यात गुन्हा आहे. आनंद श्रावकाचा तिसरा अतिचार असा सरकारी कायद्यातही आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि न कापण्यातही हिंसा होऊ शकते. म्हातारी मांजर फारशी खरवडत नाही, तिची नखं वळून तळव्याच्या गादीत रुततात, मग जखम, पू, लंगडणं. तरुण मांजरीचं नख आपल्या लोकरी आसनात अडकतं आणि ती धडपडते.

कापायचं असेल तर मांजर पेंगत असताना मांडीवर घ्या. पंजा हलकेच दाबला की आत ओढलेलं नख बाहेर येतं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं. माणसांचा नेलकटर नख चिरडतो, म्हणून मांजरीची छोटी कात्री आणा. नख काळं असेल, गुलाबी भाग दिसत नसेल, तर अगदी टोकच घ्या. एका दिवशी दोन-तीन झाली तरी पुरे. ती पंजा ओढू लागली की सोडून द्या. दाबून धरलंत तर तो बंध झाला, आणि तो यादीत छविच्छेदाच्याही आधी आहे.