थंडीच्या पहाटे ट्रकच्या ब्रेकचा दिवा: कारणे, तपासणी आणि दक्षता

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके संत्र्यांच्या बागांसाठी ओळखले जातात. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या या मराठीभाषक पट्ट्याचा ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आंबिया बहाराची संत्री साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तोडणीस येतात आणि त्यानंतर फेब्रुवारीच्या सुमारास मृग बहाराची फळे निघू लागतात. त्यामुळे थंडीचे महिने हेच येथे मालवाहतुकीच्या धावपळीचे महिने ठरतात. सायंकाळी भरलेला ट्रक रात्रभर उघड्यावर उभा राहतो. पहाटे इंजिन सुरू होते. मात्र ब्रेकचा लाल दिवा काही केल्या विझत नाही. माल नाशवंत असतो आणि बाजाराची वेळ गाठायची असते. अशा वेळी ‘थंडीमुळे लागला असेल, चालता चालता विझेल’ असे म्हणून गाडी रस्त्यावर काढली जाते.

हा निर्णय महागात पडू शकतो. पांढुर्ण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४७ ने उत्तरेकडे निघाल्यास मुलताई-बैतुलच्या पठाराकडे चढण लागते, तर सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट ओलांडावा लागतो. भरलेल्या गाडीचा ब्रेक कच्चा असेल, तर तो उघडा पडण्याची जागा हीच.

दिवा कोणता, हे आधी ओळखावे

जड ट्रकच्या फलकावर ब्रेकशी संबंधित एकाहून अधिक दिवे असतात. हवेचा दाब कमी असल्याचा दिवा लाल असून बहुधा त्याच्यासोबत बझरही वाजतो. पार्किंग ब्रेक लागलेला असल्याचा दिवा वेगळा असतो. चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचा दिवा पिवळा असतो. लाल दिवा असल्यास गाडी हलवू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. पिवळा दिवा असल्यास मूळ ब्रेक चालू असू शकतो, परंतु एबीएसचे संरक्षण मिळेलच असे नाही. म्हणून निसरड्या वा धुक्याच्या रस्त्यावर वेग कमी ठेवून गाडी लवकर तपासून घ्यावी.

इंजिन सुरू करण्यापूर्वी चावी फिरवल्यावर हे दिवे क्षणभर तरी लागले पाहिजेत. जो दिवा या वेळी लागतच नाही, तो बंद पडलेला असण्याचा संभव असतो. लागलेला दिवा चालकाला थांबवतो. बंद पडलेला दिवा मात्र टाकीत हवा नसतानाही त्याला निश्चिंत ठेवतो. म्हणून न लागणारा दिवा अधिक धोक्याचा समजावा.

हवेचा दाब थंडीने किती उतरतो?

जड ट्रकमध्ये कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो आणि पायाखालचा ब्रेक त्या हवेच्या बळावर लागतो. भरलेल्या टाक्यांतील दाब साधारणतः ७ ते ८.५ बार असतो. चालकांच्या भाषेत हीच ‘सात-आठ किलो हवा’. हा दाब बराच खाली, अनेक गाड्यांत ४ ते ५.५ बारच्या दरम्यान, आला की लाल दिवा लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

थंड झालेली हवा आकुंचन पावते, त्यामुळे दाबही घटतो. मात्र ही घट मोजता येण्याजोगी आहे. सायंकाळी टाकीतील हवा ३० अंश सेल्सिअसवर आणि काट्यावरील दाब ८ बार असेल, तर पहाटे ८ अंशांवर तो सुमारे ७.३ बार भरतो. म्हणजे रात्रीच्या थंडीने जाणारा दाब एक बारहूनही कमी असतो. सकाळी काटा ४ बारवर दिसला, तर उरलेली हवा थंडीने नेलेली नसून ती कोठून तरी गळालेली आहे. दिवा थंडीत लागला तरी दोष थंडीचा नसतो. असलेला दोष थंडी केवळ उघड करते.

थंडी नेमके काय करते?

पहिला परिणाम रबरावर होतो. ब्रेकच्या चेंबरमधील पडदे, व्हॉल्व्हमधील सील आणि चाकांकडे जाणारे होज हे रबरी भाग थंडीत कडक होतात. नवे रबर हा ताण सहज पेलते; जुने, चिरा पडलेले रबर हवा सोडू लागते. दुपारी ऊन लागल्यावर तेच रबर पुन्हा मऊ होते आणि गळती थांबल्यासारखी वाटते. ‘सकाळी होते, दुपारी बरे होते’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

दुसरा परिणाम पाण्याचा. ३० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. ८ अंशांवर ते जेमतेम ८ ग्रॅम मावते. टाकीत तर कित्येक पट हवा दाबून भरलेली असते. रात्री ती थंड झाली की बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. त्या पाण्याने टाकी आतून गंजते, तिच्यात हवेसाठी उरणारी जागा घटते आणि गंजाचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात. हे बाष्प शोषण्यासाठी एअर ड्रायर असतो. परंतु त्याचे कार्ट्रिज मुदतीनंतर निकामी होते. पाणी गोठून व्हॉल्व्ह अडकण्यासाठी मात्र तापमान शून्याखाली जावे लागते. पांढुर्णा-सौंसरच्या नेहमीच्या हिवाळ्यात हे कारण संभवत नाही. तेच वाहन उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्यापलीकडे जाणार असेल, तर ते ध्यानात घ्यावे लागते.

तिसरा परिणाम विजेवर होतो. थंडीत बॅटरीची शक्ती घटते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली गेले की एबीएसचा दिवा लागू शकतो. दहिवराने ओलसर झालेल्या, गंजलेल्या कनेक्टरमुळेही खोटा इशारा मिळतो.

तपासणीचा क्रम

१. गाडी सपाट जागी असावी. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावल्यावाचून पुढील काहीही करू नये.

२. इंजिन सुरू करण्यापूर्वी दाबाचा काटा पाहून आकडा टिपून ठेवावा. रात्री उभी करतानाचा आकडा ठाऊक असल्यास रात्रभरात किती हवा गेली हे लगेच कळते.

३. इंजिन मध्यम फेऱ्यांवर चालवून हवा भरू द्यावी. टाक्या पूर्ण रिकाम्या असल्यास काही मिनिटे लागतात. अमेरिकेतील अवजड वाहनपरवान्याच्या चाचणीत दुहेरी हवाप्रणालीचा दाब सुमारे ५.९ वरून ६.९ बारवर ४५ सेकंदांत यावा, असा दंडक आहे. त्याहून पुष्कळ वेळ लागत असल्यास कॉम्प्रेसर, त्याचा पट्टा वा हवेचा फिल्टर तपासावा, किंवा गळती मोठी आहे असे समजावे.

४. हवा भरली की ड्रायरमधून ‘फुस्स’ असा आवाज होऊन जादा हवा सुटते. आवाज झालाच नाही किंवा हवा सतत सुटत राहिली, तर ड्रायर अथवा दाब-नियंत्रक व्हॉल्व्ह बिघडलेला असू शकतो.

५. आता इंजिन बंद करून, चाकांचे ठोकळे तसेच ठेवून, पार्किंग ब्रेक सोडावा आणि एक मिनिट काटा पाहावा. त्याच चाचणीत एकट्या ट्रकसाठी मिनिटाला सुमारे ०.१४ बारपर्यंतची घट चालते. त्यानंतर पायाचा ब्रेक दाबून धरल्यावर ०.२ बारपर्यंत. घट याहून अधिक असेल, तर गळती शोधल्याशिवाय गाडी काढू नये.

६. पहाटेची शांतता गळती शोधण्यास सोयीची असते. इंजिन बंद असताना ‘सूं’ असा आवाज कोठून येतो ते ऐकावे आणि संशयित जोडांवर साबणाचे पाणी लावावे; बुडबुडे जागा दाखवतात. पायाचा ब्रेक दाबल्यावरच आवाज येत असेल, तर त्या ब्रेकच्या पडद्यावर वा होजवर संशय घ्यावा. पार्किंग ब्रेक सोडल्यावर येत असेल, तर स्प्रिंग ब्रेकच्या बाजूचा चेंबर पाहावा.

७. काटा पूर्ण दाब दाखवत असूनही दिवा विझत नसल्यास दाब-स्विच, त्याचा कनेक्टर आणि तारा तपासाव्यात. मात्र काटाही चुकू शकतो. म्हणून मेकॅनिकने दुसऱ्या काट्याने खात्री करेपर्यंत दिवाच खरा मानावा.

८. टाक्यांच्या तळाचे ड्रेन व्हॉल्व्ह ओढून पाणी काढावे. स्वच्छ थोडे पाणी निघाले, तर ते साचलेले बाष्प होय. पांढुरका, तेलकट द्रव निघाल्यास कॉम्प्रेसरचे तेल हवेत मिसळत आहे आणि ड्रायरही थकला आहे, असे समजावे.

दिवा विझला म्हणजे दोष मिटला नाही

लहान गळती कॉम्प्रेसर भरून काढतो. इंजिन जोरात चालू असेपर्यंत काटा वर राहतो व दिवा विझतो. उतारावर मात्र ब्रेक वारंवार दाबला जातो, हवा झपाट्याने खर्च होते आणि इंजिनाचे फेरे कमी असल्यास कॉम्प्रेसर मागे पडतो. सपाट रस्त्यावर विझलेला दिवा घाटात पुन्हा लागतो तो यामुळेच.

म्हणूनच उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे. त्याने इंजिन गाडीला आवरते आणि फेरे चढे राहून हवाही भरत राहते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये, त्यातही इंजिन बंद करून उतरणे ही आत्मघाताची सवय आहे. घाटात लाल दिवा लागलाच, तर ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता खालच्या गिअरमध्ये एकसारख्या दाबाने गाडी कडेला घेऊन थांबवावी आणि चाकांना ठोकळे लावावेत.

दाब फारच उतरला, तर स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. हवा गेली की ब्रेक सुटू नये, उलट लागावा, हे तत्त्व रेल्वेतून आले. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या १८६९ च्या मूळ एअर ब्रेकमध्ये नळी फुटल्यास ब्रेक निकामी होत असे; १८७२ च्या त्यांच्या सुधारित रचनेत दाब घटताच ब्रेक लागू लागला. ट्रकचा स्प्रिंग ब्रेक याच विचाराचा वारस आहे. परंतु अर्धवट दाबावर गाडी ओढत नेल्यास तो अर्धा लागलेला राहतो. लायनर घासून ड्रम तापतात आणि टायरला आग लागण्यापर्यंत प्रसंग येतो.

लहान मालवाहू गाड्या

बागेतून गावापर्यंत माल आणणाऱ्या पिकअपसारख्या गाड्यांत हवेऐवजी ब्रेक ऑइल असते. त्यांत लाल दिवा हँडब्रेक पूर्ण न सुटल्यामुळे किंवा ऑइलची पातळी खाली गेल्यामुळे लागतो. थंडीत ऑइल किंचित आकसते. पातळी आधीच खुणेलगत असल्यास पहाटे दिवा लागतो. केवळ ऑइल ओतून समाधान मानू नये. पातळी घटण्याची मुख्य कारणे झिजलेले पॅड अथवा गळती हीच असतात. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनांक घटतो: डॉट ३ प्रतीसाठी किमान मर्यादा कोरडे असताना २०५, तर ओलावा शोषल्यावर १४० अंश सेल्सिअस एवढी आहे. म्हणून उघडून ठेवलेल्या डब्यातील ऑइल वापरू नये.

काय करू नये

टाकी, व्हॉल्व्ह वा नळ्या गरम करण्यासाठी खाली जाळ करू नये. रबरी व प्लॅस्टिकचे भाग जळतात आणि जवळच डिझेलची टाकी असते. उत्पादकाने सांगितल्याखेरीज हवेच्या नळ्यांत स्पिरिट किंवा डिझेल ओतू नये; त्याने सील खराब होतात. स्प्रिंग ब्रेक बोल्टने मागे ओढून गाडी घाटात नेऊ नये. ही सोय बंद पडलेले वाहन ओढून नेण्यापुरती आहे. स्प्रिंगचा चेंबर रस्त्यावर कधीही उघडू नये. आतील दाबलेली स्प्रिंग सुटल्यास माणसाचा जीव जाऊ शकतो. त्रासदायक वाटतो म्हणून बझरची तार तोडणे म्हणजे पुढच्या चालकाला इशाऱ्यावाचून घाटात पाठवणे होय.

किनाऱ्यावरून येणारी वाहने

गोवा-कोकणातून विदर्भ वा मध्य प्रदेशाकडे जाणाऱ्या ट्रकांना ही दक्षता अधिक लागू पडते. समुद्रकाठच्या दमट हवेत कॉम्प्रेसर बाष्पासकट हवा ओढतो आणि सातपुड्याच्या थंड रात्री त्याचे पाणी होते. चोर्ला अथवा अनमोड घाट चढण्यापूर्वी टाक्यांतील पाणी काढणारा चालक पुढील थंडीचीही तयारी करत असतो.

हिवाळ्यापूर्वी ड्रायरचे कार्ट्रिज, होज आणि बॅटरी पाहून घेणे, मुक्कामी गाडी उभी केल्यावर ठोकळे लावून टाक्यांतील पाणी काढणे आणि त्यानंतर काट्याचा आकडा टिपणे, एवढ्या तीन सवयींनी पहाटेचा बराचसा संभ्रम टळतो. तरीही लाल दिवा राहिलाच, तर मेकॅनिक येईपर्यंत गाडी जागीच ठेवावी. काही तासांच्या विलंबाने मालाचा भाव थोडा उतरेल; मात्र कच्च्या ब्रेकने घाटात घातलेली गाडी चालकासह समोरून येणाऱ्यांचेही प्राण पणाला लावते.