काळ्या काचेचे दिवस

मे २०१२ मध्ये देशातल्या मोठ्या शहरांच्या चौकांत एक वेगळंच दृश्य दिसू लागलं. वाहतूक पोलीस एखादी लांबलचक परदेशी गाडी बाजूला घ्यायचा, काच अर्धी खाली करायला लावायचा आणि तिच्या वरच्या कडेला नख घालून काळी फिल्म उचकटायचा. चर्र आवाज करत ती निघे, निम्मी हातात आणि निम्मी काचेवरच. पहिल्या गुन्ह्याला दंड होता शंभर रुपये. पन्नास-साठ लाखांच्या गाडीच्या मालकाला त्या शंभराचं काय! पण भर चौकात गाडी उघडी पडायची, ते झोंबायचं.

यामागे होता सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०१२ चा निकाल. अविषेक गोयंका यांनी जनहित याचिका केली होती आणि ती स्वतःच लढवली होती. काळ्या काचांची गाडी गुन्हेगारांना सोयीची पडते, हा त्यांचा मुद्दा. कायदा तसा जुनाच होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगत होता की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काच तशी ‘राखली’ पाहिजे, असंही नियमात होतं, आणि सगळा वाद त्या एका क्रियापदावर येऊन ठेपला. फिल्मच्या बाजूचे लोक म्हणत, फिल्म लावूनही टक्केवारी राखता येत असेल तर हरकत काय? न्यायालयाने ते मानलं नाही. काच कारखान्यातूनच त्या प्रमाणाची आली पाहिजे, वरून काही चिकटवायचं नाही. ४ मेपासून पोलिसांनी पावती फाडायची आणि फिल्मही काढायची, असा आदेश निघाला. व्यापाऱ्यांचे अर्ज ऑगस्टमध्ये फेटाळले गेले.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत ज्या खासगी बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला, तिच्या काचाही काळ्या होत्या आणि आत पडदे होते. त्यानंतर फिल्मची बाजू घेऊन जाहीरपणे बोलायला फारसं कुणी उरलं नाही.

निकालात एक खिडकी मात्र उघडी ठेवली होती. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना एका समितीच्या परवानगीने सूट मिळू शकत होती. परिणाम असा, की आधी पैशाची खूण असलेली काळी काच आता थेट सत्तेची खूण झाली. पांढऱ्या अँबेसेडरच्या मागच्या काचेवरचे पडदे ज्यांना आठवतात, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मुळात ही फिल्म निघाली उन्हासाठी. काचेवर चिकटवायच्या अशा फिल्मचं पेटंट अमेरिकेत थ्री-एम कंपनीला १९६६ मध्ये मिळालं. आपल्याकडे या धंद्याचा धागा मराठी घरापर्यंत जातो. तासगावचे आबासाहेब गरवारे मुंबईत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीत उतरले आणि तो व्यापार त्यांनी इंग्लंडपर्यंत नेला. पुढे त्यांच्या उद्योगसमूहातून पॉलिस्टर फिल्म तयार होऊ लागली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतली ‘सन कंट्रोल’ फिल्म अमेरिकेतल्या गाड्यांनाही लागते. मोटारींच्या दलालीतून वर आलेल्या माणसाचं नाव शेवटी मोटारीच्या काचेवर चिकटलं, हा योग मोठा गमतीचा.

पण गिऱ्हाईक दुकानात गारव्यासाठी येतच नव्हतं. ‘एकदम काळी मारा, आतलं काही दिसता कामा नये,’ ही मागणी असे. उन्हाच्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो. साधी रंगवलेली फिल्म दिसणारा उजेड गिळते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. म्हणजे पैसे गारव्याचे मोजायचे आणि घरी अंधार न्यायचा. शिवाय स्वस्त रंग उन्हात टिकत नाही. काळ्या रंगात मिसळलेल्या रंगद्रव्यांतली काही आधी विटतात आणि तीन-चार उन्हाळ्यांत काच जांभळी दिसू लागते. मग फुगे धरतात.

अशी फिल्म काढणं हे लावण्यापेक्षा जिकिरीचं काम. दरवाज्याची काच वाफेने किंवा हीट गनने तापवली की अखंड सोलता येते. खरी कसोटी मागच्या काचेची. तिच्यावर दव घालवणाऱ्या बारीक आडव्या तारा छापलेल्या असतात आणि महागड्या गाड्यांत अँटेनाही तिथेच असते. ब्लेड एकदा तिरकं गेलं की तार तुटली. म्हणून मुरलेला कारागीर ब्लेड खिशातच ठेवतो. काचेला बाहेरून काळा प्लॅस्टिकचा कागद लावून गाडी उन्हात उभी करतो, गोंद मऊ पडू देतो आणि मग तारांच्याच दिशेने, बोटाबोटाने फिल्म ओढतो. उरलेला चिकटा साबणपाण्याने घासायचा. नवी फिल्म बसवतानाही साबणपाणीच लागतं, त्यावर ती सरकवता येते. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी दाबत काढायचं.

फिल्म पुन्हा आली ती दोन कारणांनी. सिरॅमिक फिल्मने गारवा आणि काळोख यांची फारकत केली. ती जवळजवळ पारदर्शक असूनही अवरक्त किरण अडवते, आणि तिच्यात धातू नसल्याने मोबाइल-फास्टॅगच्या लहरींना आड येत नाही. दुसरं कारण नियमाचं. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हे शब्द आले. त्यात आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही बसते. केरळमध्ये या मालाला ‘कूलिंग फिल्म’ म्हणतात. तिथल्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळून मानकात बसणारी फिल्म लावली असेल तर दंड करता येणार नाही.

अडचण उरली ती गुणाकाराची. बाजूची काच मुळात ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर उजेड मोजणारा मीटर ५२ दाखवतो. पास. तशाच ७५ टक्क्यांच्या समोरच्या काचेवर डोळ्यांना कळणारही नाही अशी ९० टक्क्यांची फिल्म लावली, तरी आकडा ६७ वर येतो, आणि ती पुन्हा सोलावी लागते.