आयबीएमचे 100 कोटींचे रोखे

बँकेच्या ट्रेझरीत माझी उमेदीची वर्षं रोख्यांच्या खरेदी-विक्रीत गेली. नवी मुलं ‘ट्रिपल ए आहे साहेब, डोळे मिटून घेऊ’ म्हणाली, की मी त्यांना आयबीएमच्या 1979 सालच्या कर्जाची हकीकत ऐकवायचो.

तेव्हाची आयबीएम ही संगणक कंपनी ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च पतमानांकनाची आणि रोकडीनं गब्बर. बाजारात रोखे विकून पैसे उचलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती आली धंद्याच्या रीतीमुळे. तिची यंत्रं गिऱ्हाइकं बहुधा भाड्यानं घेत. 1978 मध्ये तिनं भारतातून गाशा गुंडाळला, त्याआधी आपल्याकडेही हीच रीत होती. भाड्याच्या धंद्यात यंत्र बांधायचा खर्च आधी होतो, वसुली महिन्यामहिन्यानं. जानेवारी 1979 मध्ये 4300 मालिकेची यंत्रं स्वस्तात जाहीर झाली आणि मागणीची रीघ लागली. पण बरीच गिऱ्हाइकं ती विकत घेईनात, भाड्यानंच मागू लागली. त्यात स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात आधीच मोठी रक्कम गेलेली.

मग 100 कोटी डॉलर उभे करायचं ठरलं: 50 कोटींच्या 7 वर्षांच्या नोटा आणि 50 कोटींचे 25 वर्षांचे डिबेंचर, दोन्ही रोखेच. अमेरिकेत कोणत्याही उद्योगानं तोवर एवढं कर्ज जनतेतून एका वेळी उचललं नव्हतं. मॉर्गन स्टॅनली ही कंपनीची जुनी बँकर. तिच्या जोडीला सॉलोमन ब्रदर्स असावी, अशी आयबीएमची अट होती. मान वाटून घेणं मॉर्गनला मंजूर नव्हतं. तिनं काम सोडलं. तिची जागा मेरिल लिंचनं घेतली आणि दोनशेहून अधिक अंडररायटरांचं, म्हणजे रोखे आधी स्वतः घेऊन पुढे विकणाऱ्या संस्थांचं, सिंडिकेट उभं राहिलं.

दर ठरवताना आयबीएमनं चांगलीच घासाघीस केली. नोटांवर 9.62 टक्के आणि डिबेंचरवर 9.41 टक्के परतावा ठरला, म्हणजे सरकारी रोख्यांपेक्षा जेमतेम टक्क्याचा दहावा भाग जास्त. गुरुवारी, 4 ऑक्टोबरला विक्री सुरू झाली. विमा कंपन्यांसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांना हा दर कमी वाटला. बराच माल अंडररायटरांच्या अंगावर राहिला.

शनिवारी, 6 ऑक्टोबरला अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी महागाईला वेसण घालण्यासाठी डिस्काउंट रेट (बँकांना कर्ज देण्याचा दर) 11 वरून 12 टक्क्यांवर नेला आणि यापुढे पैशाचा पुरवठाच आवळणार असल्याचं जाहीर केलं. बाजार उघडल्यावर व्याजदर चढले आणि आधीच्या सगळ्याच रोख्यांचे भाव कोसळले. बुधवारी, 10 तारखेला सिंडिकेटनं ठरलेल्या भावाला धरून राहायचा नाद सोडला. आयबीएमचे रोखे 100 डॉलरमागे 5 डॉलरच्या आसपास घसरले. अंडररायटरांचं नुकसान 1 कोटी डॉलरच्या वर गेल्याचा अंदाज बांधला गेला. रुसून बाहेर पडलेली मॉर्गन त्यातून वाचली.

आयबीएमला मात्र ठरलेले पैसे ठरलेल्या दरानं मिळाले. काही दिवस थांबली असती, तर तेच कर्ज तिला महाग पडलं असतं.

मुलांना मी विचारायचो: गुरुवार ते बुधवार या आठवड्यात कंपनीत काय बिघडलं? काहीच नाही. तिची पत होती तिथंच होती. ट्रिपल ए एवढंच सांगतं, की व्याज आणि मुद्दल बुडण्याची शक्यता अगदी कमी आहे. मधल्या काळात तो रोखा विकावा लागला तर काय भाव येईल, याची हमी कोणतंही रेटिंग देत नाही. तेव्हा कंपनीचा ताळेबंद वाचून झाला, की रिझर्व्ह बँकेच्या पुढच्या बैठकीची तारीखही बघून ठेवा.