टोपी-टॉवेल
लग्नात आहेर घेतला की परतीचा आहेर करावाच लागे. आज्याच्या काळी आमच्याकडं मानकऱ्याला पागोटं बांधत, बायकांची खणानं ओटी भरत. पुढं पागोट्याची टोपी झाली, जोडीला टॉवेल आला. खणाच्या जागी ब्लाउजपीस. 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, थोडक्या खर्चात लग्नं लावून दाखवली. तरी मानपान काही गावातून हलला नाही.

1972च्या दुष्काळात थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. वडील तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. टोपी-टॉवेलासाठी त्यांनी कर्ज काढलं नाही. ज्याच्या-त्याच्या हातावर पानसुपारी ठेवली. नवरीच्या पाठीशी उभा राहिलेला मामा मात्र न जेवताच निघाला.

"पाव्हणं, पाऊस पडू द्या. तुमची टोपी घरी आणून देतो," वडील म्हणाले.

पुढच्या दिवाळीत ते चालत जाऊन देऊन आले.

आहेराची वही अजून माझ्याकडं आहे. मामाच्या नावापुढं 'टोपी राहिली' असं लिहून खोडलंय. हल्ली घरात टोप्या-टॉवेलांची चळत पडलेली असते. आलेला आहेर तसाच पुढच्या लग्नात जातो. वहीत कुणी लिहीत नाही.